डिस्चार्ज बुकात राहून गेलेलं मेडल

सैन्यातून घरी आलेला जवान डिस्चार्ज बुक कपाटात ठेवून देतो. पेन्शन सुरू झाली, कँटीन कार्ड आणि ईसीएचएस कार्ड हातात आलं की ते पुस्तक उघडायचं कारण फारसं उरत नाही. मग दहा-पंधरा वर्षांनी मुलीच्या ॲडमिशनसाठी किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एखाद्या अर्जासाठी ते बाहेर निघतं, आणि मेडल्सच्या पानावर नजर थबकते. श्रीलंकेत वर्ष-दीड वर्ष काढलं, त्याची ओळ नाही. काँगोत यूएनची निळी टोपी घालून ड्यूटी केली, त्याचा पत्ता नाही. नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल आहे, पण त्याच्या आधी मिळालेलं सैन्य सेवा मेडल गायब.

अशा वेळी पहिली गोष्ट न करण्याची आहे. त्या पानावर स्वतःच्या पेनाने एक अक्षरही लिहू नका, आणि ओळखीच्या क्लार्ककडून ‘जरा भरून’ घेऊ नका. डिस्चार्ज बुकातली दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसरच्या सहीने आणि ऑफिसच्या शिक्क्यानेच खरी ठरते. बिनसहीची ओळ घुसडली की उद्या त्याच पानावरची खरी नोंदसुद्धा संशयात येते.

दुसरी गोष्ट समजून घेण्याची आहे, आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. डिस्चार्ज बुक हे मूळ रेकॉर्ड नव्हे, ती नक्कल आहे. नोकरीत काहीही घडलं, मग ते लग्न असो, मूल असो, रजा, बदली, बढती, मेडल किंवा जखम असो, युनिट त्याची पार्ट टू ऑर्डर काढतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्या आधारावर तुमच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रकावर, नोंद चढते. घरी जायची वेळ आली की त्या शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. म्हणजे मेडल तीन ठिकाणी हरवू शकतं: युनिटने पार्ट टू ऑर्डर काढलीच नाही, ऑर्डर निघाली पण शीट रोलवर चढली नाही, किंवा शीट रोलवर नोंद आहे पण पुस्तक भरताना राहिली. तिन्हींवर उपाय वेगवेगळा. ‘माझ्या बुकात मेडल लिहून द्या’ एवढाच अर्ज केला तर रेकॉर्डवाला शीट रोल उघडतो, तिथे नोंद दिसत नाही, आणि ‘रेकॉर्डप्रमाणे आपण पात्र दिसत नाही’ असं दोन ओळींचं उत्तर येतं. त्यांच्या बाजूने ते उत्तर बरोबरच असतं.

म्हणून पहिला अर्ज दुरुस्तीचा नसावा, माहितीचा असावा. शीट रोलची साक्षांकित प्रत मागा. मेडल्सच्या नोंदी आणि त्यांच्या पार्ट टू ऑर्डर्सचे नंबर-तारखा मागा. ज्या काळात तुम्ही परदेशात होता त्या काळातल्या बदली, अटॅचमेंट, फील्ड सर्व्हिसच्या ऑर्डर्सही मागा. साखळी कुठे तुटली ते तुमच्या हातात येईपर्यंत वाद घालू नका.

रेकॉर्ड ऑफिस कोणतं, याबद्दलही गैरसमज असतात. शेवटच्या युनिटला पत्र लिहून वर्षभर वाट पाहणारे कमी नाहीत. जवान, एनसीओ आणि जेसीओ यांचं रेकॉर्ड रेजिमेंट किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौसैनिकांची कागदपत्रं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, तर वायुसैनिकांची दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे. अधिकाऱ्यांची व्यवस्था वेगळी, ती सेना मुख्यालयात. निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, दुसऱ्यांदा भरती झालेल्यांची दोन रेकॉर्ड्स असतात. पहिल्या नोकरीतलं मेडल डीएससीच्या पुस्तकात दिसत नसेल तर आधी जुन्या रेजिमेंटकडून नोंद पक्की करून घ्या आणि मग ती घेऊन कन्नूरच्या डीएससी रेकॉर्डकडे जा. उलट गेलात तर कन्नूरवाले तुम्हाला परत पहिल्या दारातच पाठवतील.

शीट रोलची प्रत साध्या अर्जाने येत असेल तर उत्तम. अनेक रेकॉर्ड ऑफिसांत माजी सैनिकांसाठी वेगळा सेल आहे आणि तिथली माणसं मदत करतात. उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. इथे महाराष्ट्रातल्या लोकांची एक ठरलेली गफलत होते. राज्य सरकारच्या ऑफिसांना आरटीआय करताना आपण दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवतो. सैन्याची रेकॉर्ड ऑफिसं केंद्राच्या अखत्यारीत येतात आणि केंद्राच्या नियमांत तो स्टँप चालत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा, किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करून फी भरा. उत्तरासाठी ३० दिवस, न मिळाल्यास किंवा अर्धवट मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. राज्य माहिती आयोगाकडे गेलेलं अपील फुकट जातं. स्वतःचीच माहिती मागत असल्यामुळे ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ हे कारण तुम्हाला लागू होत नाही. मात्र अर्जात ‘मला मेडल का दिलं नाही?’ असे प्रश्न विचारत बसू नका. आरटीआयमध्ये कागद मागायचा असतो, खुलासा नाही. ‘अमुक सर्व्हिस नंबरच्या शीट रोलची संपूर्ण प्रत’ आणि ‘अमुक काळातल्या पार्ट टू ऑर्डर्सच्या प्रती’ या दोन ओळी पुरतात.

प्रत हाती आली की तिन्हींपैकी कोणता प्रकार आहे ते लगेच कळतं. शीट रोलवर नोंद आहे आणि पुस्तकात नाही, हे सगळ्यांत सोपं प्रकरण. शीट रोलच्या प्रतीवर त्या ओळीला खूण करून दुरुस्तीचा अर्ज द्या. ऑर्डर निघाली पण शीट रोलवर चढली नाही, हेही फार अवघड नाही, ऑर्डरचा नंबर सापडला की काम होतं. खरी मेहनत पहिल्या प्रकारात, म्हणजे ऑर्डरच न निघालेल्या प्रकरणात लागते, कारण तिथे कागदच तयार झालेला नसतो.

हे सहसा अटॅचमेंटवर असलेल्यांच्या बाबतीत होतं. समजा, सातारा जिल्ह्यातले एक हवालदार १९८८ मध्ये आपल्या मूळ युनिटमधून दुसऱ्या युनिटला अटॅच होऊन श्रीलंकेत गेले. तिकडचं युनिट म्हणालं, ऑर्डर मूळ युनिट काढेल, आणि मूळ युनिटने समजूत करून घेतली की तिकडेच निघाली असेल. माणूस जाफन्यात गस्त घालून परत आला, कागदावर मात्र तो पूर्ण वेळ भारतात. अशा वेळी सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करायची घाई होते. माझं मत विचाराल तर दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा एका नॉमिनल रोलची झेरॉक्स जास्त काम करते. जहाजावर किंवा विमानात चढलेल्या तुकडीची नावांची यादी, मूव्हमेंट ऑर्डर, तिथल्या फील्ड हॉस्पिटलची चिठ्ठी, त्या काळच्या पगाराच्या स्लिपवर दिसणारा भत्ता, त्याच प्लाटूनमधल्या ज्या सोबत्याच्या बुकात नोंद आहे त्याच्या त्या पानाची साक्षांकित प्रत, अशा गोष्टी शोधा. पलटण आजही उभी असेल तर तिच्या कमांडिंग ऑफिसरना सरळ पत्र लिहा. जुन्या रजिस्टरात नाव सापडलं तर ते त्यांच्याकडेच सापडेल. पत्रात वर्ष, ठिकाण, कंपनी आणि त्या वेळच्या कंपनी कमांडरचं नाव आठवत असेल तर जरूर द्या. ‘आम्ही १९८८ ला जाफन्याला होतो’ एवढ्यावर कुणी रजिस्टर उलगडत नाही.

आता पात्रतेकडे. अर्ज करण्याआधी हे पाहून घ्या, नाहीतर न मिळणाऱ्या मेडलसाठी वर्षं जातात. श्रीलंकेतल्या भारतीय शांती सेनेच्या मोहिमेसाठी, म्हणजे ऑपरेशन पवनसाठी, स्पेशल सर्व्हिस मेडलवर ‘श्रीलंका’ असा क्लास्प, म्हणजे रिबनवरची पट्टी, मिळतो. भारत-श्रीलंका करार २९ जुलै १९८७ चा आणि शेवटची तुकडी परतली २४ मार्च १९९० ला, त्यामुळे तुमच्या तारखा त्या चौकटीत बसल्या पाहिजेत. विदेश सेवा मेडल वेगळं. १९६० मध्ये सुरू झालेलं हे मेडल परदेशातल्या ठरावीक सेवेसाठी, देशाच्या नावाच्या क्लास्पसह मिळतं. यूएनची मेडल्स तिसरीच. सोमालिया, सिएरा लिओन, लेबनॉन, काँगो, जिथे गेलात त्या मिशनचं स्वतंत्र मेडल, बहुतेक ठिकाणी ९० दिवस पूर्ण झाल्यावर, तिथल्याच मेडल परेडला छातीवर लावलेलं. एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप मिळतंच असं नाही, आणि यूएनचं मेडल हातात असलं म्हणून भारतीय रेकॉर्डवर त्याची नोंद असतेच असंही नाही. त्यासाठीही पार्ट टू ऑर्डर लागतेच. यूएनचं प्रमाणपत्र घरी असेल तर ते सोन्यासारखं जपा, कारण ते पुरावा म्हणून फार भक्कम आहे.

काही मेडल्स मात्र तारखेवरूनच कळतात. १५ ऑगस्ट १९९७ ला तुम्ही नोकरीत होता, तर स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला होता, तर पंचविसाव्या वर्षाचं. नऊ, वीस आणि तीस वर्षांची लाँग सर्व्हिस मेडल्स सेवेच्या वर्षांवर. अशी राहून गेलेली नोंद शोधायला सगळ्यांत सोपी आणि तरीही सर्रास राहणारी. १९७१ च्या युद्धातल्या म्हाताऱ्या जवानांच्या बाबतीत पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल यांची गल्लत असते, आणि कारगिलवाल्यांच्या बाबतीत ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल यांची. स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागातल्यांना, मेडलचं क्षेत्र त्याहून मोठं. अर्जात नेमकं नाव लिहा.

नावांच्या या गल्लतीतली सगळ्यांत महाग गल्लत म्हणजे सेना मेडल आणि सैन्य सेवा मेडल. पहिलं शौर्याचं किंवा विशिष्ट सेवेचं, राष्ट्रपतींच्या मंजुरीने जाहीर होणारं. दुसरं ठरावीक भागात ठरावीक काळ सेवा केली म्हणून मिळणारं. एखाद्या अर्जात चुकून ‘सेना मेडल’ लिहिलं गेलं, ते नाकारलं गेलं आणि मग तुम्ही खोटा दावा करता अशी छाप पडली, तर ती पुसायला फार वेळ लागतो.

शौर्यपदकाची नोंदच राहिली असेल तर विषय पैशांचाही आहे. सेना मेडल (शौर्य), शौर्य चक्र, वीर चक्र आणि त्यावरच्या पदकांना दरमहा भत्ता मिळतो, तो पेन्शनबरोबर येतो, आणि पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, नोंद नसेल तर येत नाही. राज्य सरकारचं अनुदानही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत याच कागदांवर मिळतं. सुदैवाने इथे पुरावा सार्वजनिक असतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होणाऱ्या पदकांची अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापली जाते. तुमच्या पदकाची अधिसूचना असलेलं राजपत्र शोधून तुमच्या नावावर आणि नंबरवर खूण करून जोडा. बुकात दुरुस्ती झाली की तिथेच थांबू नका, सुधारित पीपीओची मागणी त्याच पत्रात करा आणि पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवरची माहिती जुळते का पाहा. थकबाकीत तीन वर्षांपेक्षा मागे जायला कोर्टं सहसा तयार नसतात, हे लक्षात ठेवून अर्ज लांबवू नका. लष्करप्रमुखांचं कमेंडेशन कार्ड हा मोठा मान आहे, पण ते या यादीतलं नाही. त्याची नोंद जरूर करून घ्या, भत्त्याची अपेक्षा मात्र ठेवू नका.

परदेशातल्या सेवेची नोंद राहिल्याचा सगळ्यांत मोठा फटका बसतो तो तिथे जखमी झालेल्याला. गोळी लागली किंवा सुरुंगाने पाय गेला, आणि कागदावर ती साधी दुखापत ठरली, तर वॉर इंज्युरी पेन्शनऐवजी साधी डिसॅबिलिटी पेन्शन मिळत राहते. अशा माणसाने फक्त मेडल मागू नये. आपली नोंद बॅटल कॅज्युअल्टी म्हणून झाली आहे का, तिची पार्ट टू ऑर्डर आहे का, आणि हॉस्पिटलच्या कागदांवर दुखापतीचं ठिकाण व कारण काय लिहिलंय, हे आधी तपासावं. ही वेगळी लढाई आहे आणि तिला वकिलाचा सल्ला लागतो.

दुरुस्तीचा अर्ज स्वतः लिहिणं अवघड नाही. रेकॉर्ड ऑफिसात मराठी वाचणारे असतीलच असं नाही, म्हणून इंग्रजी किंवा हिंदीत लिहा. वर सर्व्हिस नंबर, त्याच्या शेवटच्या अक्षरासकट. ते अक्षर चुकलं तर फाइल दुसऱ्याचीच उघडते. नाव आधारप्रमाणे नव्हे, डिस्चार्ज बुकातल्याप्रमाणे. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशी तीन पदं असतात आणि सैन्याच्या कागदावर बऱ्याचदा दोनच, त्यावरून गोंधळ होतो. मग रँक, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, त्या काळचं युनिट, राहिलेल्या मेडलचं पूर्ण नाव, क्लास्प, पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख, आणि शेवटी मागणी एका वाक्यात. एका पानाच्या वर जाऊ नका. नोकरीतल्या हालअपेष्टा लिहाव्याशा वाटतात, पण त्या नोंद करणाऱ्या क्लार्कच्या कामाच्या नाहीत. अर्ज शक्यतो जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या पत्रासोबत पाठवा, म्हणजे तो अधिकृत वाटेने जातो आणि मागे पाठपुरावा करायला एक कार्यालय राहतं. साक्षांकित प्रती स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्याच अर्जाला कधीही जोडू नका. रेकॉर्डने लेखी मागितलं तरच द्या, तेही प्रत्येक पानाचं स्कॅन काढून आणि शक्य असल्यास स्वतः जाऊन, पोच घेऊन. या कामाला सरकारी फी नाही. ‘बेळगावला माझी ओळख आहे’ म्हणत पाच-दहा हजार मागणारे गावोगाव भेटतात. त्यांच्या ओळखीपेक्षा तुमच्या हातातला ऑर्डर नंबर जास्त चालतो.

एक फरक स्पष्ट असू द्या. नोंद राहणं वेगळं आणि मेडल हातात न मिळणं वेगळं. नोंद आहे पण मेडल आलं नाही, तर ती दुरुस्ती नव्हे, मेडल देण्याची मागणी, आणि तीही रेकॉर्ड ऑफिसमार्फतच पुढे जाते. मेडल्सचा पुरवठा वर्षानुवर्षं मागे पडत आल्यामुळे कँटोन्मेंटच्या दुकानातून विकत घेऊन परेडला लावणारे जवान पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, पण दुकानातलं मेडल पात्रतेचा पुरावा होत नाही. मिळालेलं मेडल हरवलं असेल, तर पोलिसांत नोंद आणि प्रतिज्ञापत्र लागतं.

जवान हयात नसेल तर पत्नीने अर्ज करावा, ती नसेल तर वारसाने, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून. दुसऱ्या महायुद्धात इटलीत, उत्तर आफ्रिकेत किंवा ब्रह्मदेशात लढलेल्या आजोबांचा कागद शोधणाऱ्या नातवंडांची अडचण वेगळी असते. ज्यांना पेन्शन नव्हती अशांची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायची मुभा सैन्याच्या नियमांत आहे आणि युद्धानंतर घरी पाठवलेल्या हजारो जवानांची तशी झालीही. पण लाँग रोल नावाची नोंदवही कायम ठेवायची असते. तेव्हा ‘कागदपत्रं नष्ट झाली’ असं उत्तर आलं की पुढचा अर्ज लाँग रोलमधल्या नोंदीसाठी करा. त्यात भरती-डिस्चार्जच्या तारखा आणि थोडक्यात बाकी तपशील मिळतो. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असेल तर तोही धागा असतो, भिंगाखाली धरून वाचा.

हे सगळं करूनही रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला तर नकाराचं कारण लेखी घ्या. त्यातला मुद्दा कागदाने खोडता येत असेल तर पुन्हा अर्ज करा, केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रारही नोंदवा. त्यानंतरचं दार सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे आणि निवृत्त माणसाला आपल्या राहत्या ठिकाणावरून तिथे दाद मागता येते. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही तर त्यापुढचे सहा महिने. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, पण आधी खात्याकडचे मार्ग वापरल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा प्रकरण दाखल करून घेत नाही, म्हणून स्पीड पोस्टाची प्रत्येक पावती तिथे कामाला येते. आणि अपेक्षा नीट ठेवा. ठरावीक दिवस, ठरावीक भागात सेवा केली हे कागदाने दाखवलंत, तर मोहिमेचं मेडल हा तुमचा हक्क ठरतो आणि न्यायाधिकरण तो मिळवून देऊ शकतं. शौर्यपदकाची शिफारस त्या वेळच्या कमांडरने केली नसेल, तर ते मागून मिळत नाही.